गोधडीत तपासलेला कॉम्प्युटर

माझी पहिली नोकरी कॉम्प्युटरला दमवायची होती. खोटं वाटेल, पण पगार त्याचाच मिळायचा. नाशिक रोडला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर एक दुकान होतं. सुटे भाग आणायचे, कॉम्प्युटर जुळवायचा आणि विकायचा, असा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक नोटांच्या प्रेसमधलं नाहीतर रेल्वेतलं, क्वार्टरमध्ये राहणारं, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: "मुलाच्या अभ्यासासाठी घ्यायचाय." अभ्यासू मुलगा तेवढ्यात काउंटरवरच्या गेमच्या सीड्या चाळत असायचा.

जुळवलेला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याआधी तो पळवून बघायचं काम माझ्याकडे. एक प्रोग्राम होता. तो कॉम्प्युटरला गणितांवर गणितं घालायचा, श्वास घेऊ द्यायचा नाही, आणि सगळी सुटली की किती मिनिटं लागली ते पडद्यावर दाखवायचा. मधेच कॉम्प्युटर गोठला तर नापास. याला बेंचमार्क म्हणतात, मी शर्यत म्हणायची. मिनिटांचा आकडा मी एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहायची आणि कार्ड कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायची. शेठ गिऱ्हाइकाला कॅबिनेट उघडून ते कार्ड दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, डॉक्टरांनी तपासून दिलाय." डॉक्टर म्हणजे मी, डिप्लोमा पास, वय एकवीस.

घर पिंपळगाव बसवंतला. रोज एसटीनं जाऊन येऊन. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते हायवेलगतच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये थंड खोल्या सांभाळायचे. त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी नळी असे, डोळ्याला लावून बघायची. तिच्या काचेवर द्राक्षाच्या रसाचा थेंब टाकला की आत साखरेचा आकडा दिसतो, त्याला ब्रिक्स म्हणतात. भाऊ त्या नळीला दुर्बीण म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर बागांमध्ये जायची. ते मला दुर्बीण द्यायचे आणि म्हणायचे, मोज. मी घडाच्या खांद्यावरचा, देठाजवळचा, उन्हानं पिवळा पडलेला, टच्च भरलेला मणी तोडायची. वीस यायचे. मी ओरडायची, "वीस!" भाऊ घडाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "परत मोज."

मग ते स्वतः घडाच्या अगदी खालच्या शेंड्याचा, सावलीत राहिलेला, कोवळा मणी चिमटीत धरून द्यायचे. त्याचे सोळा भरायचे.

"सोळा. घड एवढाच गोड," भाऊ म्हणायचे. "गिऱ्हाईक काय नुसता खांदा खाणार हाय का?"

मला हे पटायचं नाही. समोर वीस दिसत असताना सोळा सांगायचे, ही कसली जगाची रीत? पण आमच्या घरात "परत मोज" हा शब्द एवढ्यापुरता राहिला नाही. दहावीचे टक्के सांगितले, तरी भाऊ म्हणाले, परत मोज. डिप्लोमाचा निकाल लागला, तर गुणपत्रिका हातात घेऊन त्यांनी बेरीज स्वतः केली. बेरीज जुळली तरी शाबास नाही, नुसतं "हां." मी एखादी गोष्ट मोजून आणली आणि भाऊंनी ती तशीच धरली, असं एकदाही झालं नव्हतं. मला त्याचा राग यायचा, आणि रागाहून जास्त हाव होती. एकदा तरी त्यांनी माझा आकडा न तपासता घ्यावा.

वायटूकेनं जग बुडणार होतं ते बुडलं नाही, त्याच्या पुढच्या थंडीतली ही गोष्ट. दुकानात एका नव्या मदरबोर्डचे दोन नमुने आले. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली मोठी हिरवी पाटी, जिच्यावर बाकी सगळे भाग बसतात. हे बोर्ड घेऊन आलेला मुंबईचा माणूस काउंटरवर हात आपटून सांगत होता, की यावर सहाशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसवा आणि आठशेच्या वेगानं पळवा, काही होत नाही. बोर्डावर इवल्याशा प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या एका खुंटीवरून काढून दुसरीवर घालायच्या, की वेग वाढतो. कंपनीनं ठरवून दिलेला वेग तो स्टॉक, आणि त्याच्यावर दामटणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

घरी मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. भाऊ जेवता जेवता म्हणाले, "बेंचमार्क म्हणजे वर्गात बाकावर कर्कटकानं कोरत्यात तेच ना?" आणि स्टॉक म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "किती पेट्या?" आईला हसून ठसका लागला. मी ताटावरून उठले.

त्याच आठवड्यात सुरगाण्याकडच्या एका शाळेचं काम आलं. बारा कॉम्प्युटर हवे होते आणि कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, प्रोसेसर आठशेचा. शेठनी कागद वाचला, बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, सहाशेचे बसवू आणि आठशेवर लावून देऊ. कंपनीचा माणूसच बोलतोय ना, चलता है. तुम्ही फक्त टेस्ट करून कार्डावर आकडा टाका. तुमचं कार्ड म्हणजे पक्कं काम."

शेठ काही लुच्चा माणूस नव्हता. गिऱ्हाइकाचं बंद पडलेलं मशीन स्कूटरवर मांडीत धरून आणायचे. पण ऑर्डर मोठी होती आणि मुंबईचा माणूस बोलायला गोड. मला तर आकड्याचंच वेड लागलं होतं.

स्टॉकवर, म्हणजे सहाशेवर, शर्यतीला सव्वीस मिनिटं लागली. टोप्या हलवून आठशे केले. दुपारी दुकानात अकराव्या मिनिटाला पडदा गोठला. परत लावलं, परत गोठला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं लवकर पोचले, शटर अर्धं वर ठेवलं, कॅबिनेटचं झाकण काढलं. आमच्याकडची थंडी दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर येते, निफाडचा पारा किती उतरला म्हणून. त्या थंडीत बोर्ड सुरळीत चालला. वीस मिनिटांत शर्यत संपली.

म्हणजे मर्म थंडीत आहे! मग माझं डोकं चालायला लागलं. थंडीत आठशे, तर त्याहून थंडीत किती? आणि त्याहून थंड जागा तर माझ्या बापाच्या ताब्यात होती.

हंगाम अजून सुरू व्हायचा होता. पॅकहाउसमधली मोठी खोली रिकामीच चालवून बघत होते, दोन-तीन अंशांवर. ताजी काढलेली द्राक्षं झटकन गार करायची ती खोली. बाहेर भिंतीवर एक यंत्र होतं. त्यात गोल कागद हळूहळू फिरायचा आणि शाईचा काटा त्यावर आतल्या गारव्याची रेघ ओढायचा. गारवा नीट राहिला तर आठवड्याच्या शेवटी कागदावर सुबक वर्तुळ. परदेशी माल जायचा म्हणून तपासणीवाले येऊन त्या कागदांची चळत बघायचे. भाऊंच्या वर्तुळाचा आम्हाला अभिमान होता. कंपासनं काढल्यासारखं यायचं.

शनिवारी मी शेठना विचारून एक नमुना घरी आणला, अख्खा कॉम्प्युटर, मॉनिटरसकट, ओळखीच्या टेम्पोतून. रविवारी भाऊंच्या मागे लागले. ते नको-नको म्हणत होते. शेवटी म्हणाले, "दार दोनदाच उघडायचं. एकदा जाताना, एकदा येताना."

मी स्वेटरवर स्वेटर, त्यावर भाऊंची माकडटोपी घालून आत गेले. हमालदादांनी टेबल लावून दिलं. दार बंद झालं आणि माझ्या लक्षात आलं की कीबोर्ड बाहेर राहिलाय. दारावर थापा मारल्या. भाऊंनी दार उघडलं, कीबोर्ड दिला आणि दार लावून घेतलं.

आठशेला वीस मिनिटं लागली, मख्खनासारखी. मग मी गारठलेल्या बोटांनी टोप्या आणखी हलवल्या. नऊशे! पंख्यांचा घोंगाट, नाक वाहतंय, पायाची बोटं कुठे गेली कळत नाही, आणि मी पडद्यावरच्या आकड्यांना हात जोडून बसलेली. साडेसतरा मिनिटांत शर्यत संपली. मी त्या रिकाम्या खोलीत एकटीच नाचले. सहाशेचा प्रोसेसर नऊशेनं पळवणारी नाशिक जिल्ह्यातली मी पहिली असणार, असं माझं तेव्हा ठाम मत झालं.

बाहेर आले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. अंगणात ऊन, पेट्या जुळवणाऱ्या बायका गोळा झालेल्या. एक म्हणाली, "काय गं, काय येतं यात? पिक्चर दिसतो का?" मला राहवलं नाही. मी तिथंच टेबलावर कॉम्प्युटर ठेवला, वायर ओढली. भाऊ थंड खोलीचं दार लावून येत होते. त्यांनी लांबूनच आरोळी ठोकली.

"अगं घाम! घाम वाळू दे आधी!"

मी बटण दाबलं होतं.

द्राक्षाची गार पेटी एकदम उन्हात आणली तर मण्यांवर पाणी सुटतं. त्याला आमच्याकडे घाम येणं म्हणतात, आणि घाम आलेला माल दोन दिवसांत सडतो. हे पॅकहाउसमधल्या कुत्र्यालाही माहीत. भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेलं होतं. मी त्या भिंतीखाली लहानाची मोठी झाले, आणि थंड बोर्ड उन्हात आणून त्यात वीज सोडली. टच् असा आवाज झाला, जळका वास आला, संपलं. बोर्डावर दवासारखे थेंब होते.

बायका पांगल्या. मला रडू येत होतं, पण आकडा हातात होता, म्हणून मी भाऊंना म्हटलं, "मेला तर मेला. नऊशे झाले ना! साडेसतरा मिनिटं!"

भाऊंनी बोर्डावरचा थेंब बोटानं टिपला. "हा कुठला मणी मोजलास?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"खांद्याचाच ना? परत मोज."

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

सोमवारी दुकानात मी खोटं बोलले. बोर्ड व्होल्टेजनं गेला म्हणाले. पिंपळगावची वीज तशी बदनाम, शेठचा लगेच विश्वास बसला. थंड खोलीचं नावही काढलं नाही. आकडा मात्र फुगवून सांगितला, आठशे आरामात, नऊशेसुद्धा चालतो. शेठनी टेबलावर थाप मारली, "क्या बात है, ताई!" आणि समोरच्या गाड्यावरून कचोऱ्या मागवल्या. मी दोन खाल्ल्या. खोटं सांगू नये, चांगल्या लागल्या.

गुरुवारी शाळेचे मुख्याध्यापक आले. पहाटे जीपनं निघून, मग एसटी बदलून. पांढरा शर्ट, पायात चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी कॉम्प्युटरबद्दल फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, आमची खोली पत्र्याची आहे. एप्रिलमध्ये आत उभं राहवत नाही. आणि बिघडला तर आमच्याकडे कुणी नाही, नाशिकलाच आणावा लागेल. चालेल ना?"

शेठनी हात माझ्याकडे केला. "टेस्टिंग यांनी स्वतः केलंय."

मला अजून आठवतंय, मी त्यांच्या डोळ्यांकडे न बघता चपलेकडे बघितलं. आणि म्हणाले, "चालेल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले. पुढच्या गुरुवारी कागद पक्का करायला येतो म्हणाले.

हाव किती विचित्र असते बघा. आयुष्यभर मी वाट बघत होते की कुणीतरी माझा आकडा न तपासता घ्यावा. एका माणसानं घेतला, आणि मला तो परत मागून घ्यावासा वाटला.

रविवारी आईनं भाऊंचा डबा माझ्याकडे दिला. मी पॅकहाउसला गेले तर भाऊ मशीनपाशी होते, त्यांचे हात ग्रीसनं माखलेले. मी डबा ठेवून भिंतीपाशी उभी राहिले. खिळ्याला वर्तुळांची चळत टांगली होती, वरचा कागद मागच्या आठवड्याचा. सुबक वर्तुळ, आणि रविवारच्या जागी तीन टेंगळं. त्यांच्याशेजारी भाऊंच्या अक्षरात, निळ्या शाईनं लिहिलं होतं: "दार तीनदा उघडले. दोनदा कॉम्प्युटर, एकदा कीबोर्ड. मुलीचे."

मला आधी हसू आलं. मग मी म्हटलं, "भाऊ, खोली तर रिकामी होती. हा कागद फाडून टाकला असता तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाय," भाऊ म्हणाले.

"मग लिहिलंत कशाला? तपासणीवाले विचारतील ना तुम्हाला."

"विचारतील. सांगू, पोरीनं कीबोर्ड बाहेर ठेवला." ते हात पुसत होते. "रेघ वर गेली तर का गेली ते लिहायला नको? लोकांनी त्या रेघेवर विश्वास टाकायचा असतो बाई."

ते डबा उघडून जेवायला बसले. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं, व्होल्टेजची थाप, कचोऱ्या, पत्र्याची खोली, "चालेल" म्हणाले ते. भाऊंनी जेवण थांबवलं नाही. शेवटी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "सुरगाण्यात एप्रिल कसा असतो, ते जानेवारीत कुठं मोजशील?"

प्रश्न बिनतोड होता. मी घरी येईपर्यंत त्यावरच विचार करत होते, आणि पलंगावर पडलेल्या आईच्या गोधडीकडे बघून मला उत्तर मिळालं.

सोमवारी मी एसटीत मांडीवर गोधडी घेऊन बसले होते. आईनं बांधून देताना विचारलं होतं, "का गं, कॉम्प्युटरला थंडी वाजते का?" मी म्हटलं, "नाही, त्याला उकडायला लावायचंय." आईनं पुढे काही विचारलं नाही. आमच्याकडे शिकलेल्या पोरीला लोक जरा जपूनच असत.

उरलेला दुसरा नमुना मी जुळवला, झाकण लावलं, आणि चारपदरी गोधडीत कॅबिनेट आवळून बांधलं. मागचा पंखा तेवढा बाहेर, पत्र्याच्या खोलीला एखादी खिडकी असावी तसा. आठशेवर लावलं. तिसऱ्या मिनिटाला पडदा गोठला. टोप्या हलवून वेग जरा उतरवला. आठव्या मिनिटाला गोठला. शेवटी सहाशे, कंपनीनं सांगितलेला, साधा, ज्याचं कुणालाच कौतुक नव्हतं तो. गोधडीवर हात ठेवला तर आत ताप आलेलं मूल असावं तसं लागत होतं. मी घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं, पंधरा, वीस. सव्वीस मिनिटांनी शर्यत संपली, जेवढी पहिल्या दिवशी लागली होती तेवढ्यातच. मी परत मोजलं. सव्वीस. मग तिसऱ्यांदा मोजलं.

शेठ आले तेव्हा दुकानात कॉम्प्युटर गोधडीत आणि मी घामाघूम. मी त्यांना थंड खोलीसकट सगळं सांगितलं. शेठ तांबडेलाल झाले.

"ताई, तुम्ही दुकानात कमवायला बसलाय की बुडवायला? कागदावर आठशे आहे! आणि तो बोर्ड..." ते बोर्डाच्या किमतीवर आले आणि तिथून थेट कचोऱ्यांवर. "पुरा नमुना उडवला आणि वर कचोऱ्या खाल्ल्या!"

कचोऱ्यांचं त्यांना जास्त लागलं होतं. मी म्हटलं, "शेठ, आठशेवर लावून बारा मशीन पाठवली तर एप्रिलमध्ये बारा मशीन तुमच्या स्कूटरवर परत येतील. सुरगाण्याहून." शेठनी दाराबाहेरच्या स्कूटरकडे पाहिलं. स्कूटरनं ते त्र्यंबकलाही कधी गेले नव्हते.

गुरुवारी मुख्याध्यापक आले. मी त्यांना बसवलं, गोधडी बांधली, आठशेवर लावलं आणि त्यांच्यासमोर पडदा गोठू दिला. मग सहाशेवर सव्वीस मिनिटं. ते अख्खी सव्वीस मिनिटं मांडीवर पिशवी ठेवून बघत बसले, जणू वर्गात पेपर चालू आहे.

"मागच्या वेळी मी चालेल म्हणाले, ते चूक होतं," मी म्हटलं. यावेळी त्यांच्या चपलेकडे बघितलं नाही. "खरे आठशेचे हवे असतील तर तेवढ्या पैशांत बारा बसणार नाहीत, नऊच येतील. सहाशेचे बारा येतील, पण कागदावर सहाशेच लिहावं लागेल."

त्यांनी थोडा विचार केला. "नऊ आणले तर तीन बाकं रिकामी राहतील," ते म्हणाले. "बारा द्या. कागदाचं मी बघतो." मग उठताना थांबले. "मॅडम, कार्डावर हे पण लिहा. गोधडीचं."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. म्हणून मी बारा कार्डांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "वेग ६००. वेळ २६ मिनिटे. गोधडीत तपासले." शेठनी ते वाचून कपाळावर हात मारला. पण दोन महिन्यांनी हेच शेठ प्रेसच्या गिऱ्हाइकांना सांगत होते, "आमची मशीन गोधडीत तपासलेली असतात, दुसरीकडे विचारून बघा." गोधडी त्यांनी कायमची दुकानातच ठेवून घेतली. आईला त्यांनी नवी चादर पाठवली, ती तिनं कधी वापरली नाही.

भाऊंना मी सांगितलं, सहाशे, सव्वीस मिनिटं. ते म्हणाले, "हां." बस्स. मनात म्हटलं, आता तरी शाबास म्हणा! पण "परत मोज" म्हणाले नाहीत, यावर मी समाधान मानलं.

यानंतर सात-आठ वर्षांनी मी कॉलेजात शिकवत होते. आजूबाजूच्या शाळांमधले जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचे की ठेवायचे, हे बघून कळवायचं काम माझ्याकडे आलं. यादीत सुरगाण्याची ती शाळा होती. एप्रिलचा महिना, दुपारची वेळ. जीपमधून उतरले तेव्हा डोळ्यांसमोर अंधारी आली. मुख्याध्यापक केव्हाच निवृत्त होऊन गावी गेले होते. नवे सर मला पत्र्याच्या खोलीत घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि जुन्या मुख्याध्यापकांचं म्हणणं पटलं, तिथं उभं राहवत नव्हतं.

बारापैकी तीन बंद होते. एकाची वायर उंदरानं खाल्ली होती, दोन विजेनं गेले होते. नऊ चालू. पोरं त्यावर मराठी टायपिंग करत होती. सर म्हणाले, "मॅडम, लय हळू आहेत. पोरं याला आजोबा म्हणतात. पण थांबत नाहीत." मी एकाचं झाकण उघडलं. धुळीखाली माझं कार्ड होतं. माझं तेव्हाचं अक्षर आताच्यापेक्षा चांगलं होतं.

डिस्कवर तो शर्यतीचा प्रोग्रामही तसाच पडून होता, मीच टाकलेला. मी सरांना म्हटलं, जरा वेळ लागेल. प्रोग्राम चालू केला आणि घड्याळ काढून बसले. एक मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "काय करताय?" मी म्हटलं, "मोजतेय." ती माझ्याबरोबर उभी राहिली. पत्रा तडतडत होता. कॅबिनेटवर हात ठेवला तर चटका बसला.

सव्वीस मिनिटं झाली.

शाळेच्या ऑफिसात फोन होता. मी पिंपळगावला लावला. भाऊ तेव्हा निवृत्त झाले होते, दुपारी घरीच असायचे. त्यांना आता ऐकू कमी यायचं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं. सुरगाणा, पत्र्याची खोली, ते जुने बारा कॉम्प्युटर, आठवतात का?

"गोधडीचे?" भाऊ म्हणाले.

"हो, गोधडीचे. आज एप्रिलमध्ये मोजला."

"किती?"

"सव्वीस मिनिटं."

पलीकडे नुसती खरखर येत होती. मला वाटलं, फोन तुटला. मग वाटलं, आता येणार तो शब्द. सवयीनं मीच आधी म्हणाले, "परत मोजू का, भाऊ?"

"कशाला?" भाऊ म्हणाले. "तू मोजलंस ना."